आईचं तोंड कुणावर गेलंय?

ताई,

तुझ्या पाया पडते. पडले असं समज, खरं पडायला गेले तर गुडघा परत सरळ करायला कुणाला तरी हाक मारावी लागते. तू बरी आहेस ना? भावजींचा खोकला काय म्हणतो? (मी मागच्या खेपेला त्यांना जी बाटली दिली होती ती खोकल्याची नव्हती, कारखान्यातल्या डिंकाची होती. बाटल्या सारख्याच दिसतात. अजून घेतलं नसेल तर घेऊ देऊ नकोस, आणि घेतलं असेल तर फार काही होत नाही, माणूस जरा कमी बोलतो. ते तसेही कमीच बोलतात, तेव्हा तुला कळणारही नाही.) आमच्याकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण आम्ही ठीक नाही. आम्ही सगळे घाबरलेले आहोत. माझ्या कपाटावर आपली आई बसली आहे आणि ती मी केलेली आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘हं, पटकन बोल’ म्हणतेस, आणि मग मला जे बोलायचं ते सोडून बाकीचं सगळं आठवतं. कागद मध्ये बोलत नाही. माझी शाळा किती झाली ते तुला ठाऊक आहे, तूच मला शाळेतून काढलंस (त्यावर मी आत्ता काही म्हणत नाही), तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि मला तुझ्याकडून काही नको आहे, हेही आधीच सांगून ठेवते. नुसतं कळवते.

सुरुवात सुनेने केली. तिला दिवस गेलेत हे तुला माहीत आहे. डॉक्टरने तिला उभ्याने करायची कामं बंद केली, म्हणून तिने बसून करायचं काम काढलं आणि आम्हा सगळ्यांना उभं केलं. बाळासाठी आठवणींची वही करायची. घरातल्या एकेका माणसाचं एकेक पान, त्यात त्याचा फोटो, भोवती कागदाची नक्षी, घड्या घालून केलेली फुलं, आणि खाली दोन ओळी. इथवर मी म्हटलं कर बाई. पण तिला कागदही घरीच करायचा होता. विकतच्या कागदात माया नसते म्हणते. मी दिवसभर पुठ्ठ्याची खोकी चिकटवते, मला कागदात माया कधी सापडली नाही, कापलेली बोटं सापडली. तर जुनी वर्तमानपत्रं, विजेची बिलं, पाकिटं, सगळं फाडून बादलीत भिजवायचं, मिक्सरमधून फिरवायचं (माझ्या मिक्सरमधून), तो लगदा जाळीवर पसरायचा, शोभेला कांद्याची सालं टाकायची, आणि पाणी निथळलं की खिडकीच्या काचांना चिकटवून वाळवायचं. एकूण एक काच गेली. आम्ही दिवसाउजेडी दिवे लावून बसतो. आमचे हे चष्मा लावून काचेपाशी उभे राहिले, बराच वेळ ओला कागद वाचला आणि म्हणाले, बातमी अर्धीच दिली आहे.

पानं भरत आली. तिच्या माहेरचे लोक इतके फोटो काढणारे की तिच्या पणजोबाने दोन पानं अडवली आहेत, एकावर बसून आणि एकावर उभं राहून. आपल्याकडची पानं मात्र रिकामी. आपल्या घरात फोटोवाल्याकडे जाणं हे काम नसलेल्यांचं काम होतं. तर एक दिवस सून कात्री हातात धरून मला सहज विचारते की आई, तुमच्या आई दिसायला कशा होत्या?

मी तोंड उघडलं. उत्तर आहेच असं धरून उघडलं. आणि ताई, आत काहीच नव्हतं.

मी म्हटलं, माझ्यासारखी. सुनेने माझ्याकडे बघून ‘असं का’ म्हटलं आणि तिला कुणाची तरी दया आल्यासारखं दिसलं. कुणाची ते मी विचारलं नाही. आई गेली तेव्हा मी एवढीशी होते, तरी मला आई आठवते असं धरून मी आजवर चालले होते. आता आठवायला बसले की तू येतेस. तू माझी वेणी ओढतेस, तू ताट माझ्यापुढे आदळतेस, मला ताप आलाय तर तू उशाशी बसून माझ्या दुखण्याला शिव्या घालतेस. जिथे तिथे तुझाच चेहरा. तुझ्या मागे कुणीतरी उभं असेल म्हणून मी वाकून बघायला जाते, तर तू म्हणतेस, मध्येमध्ये येऊ नकोस.

मग मी ठरवलं की आठवत नसेल तर करू. मी खोकी करते, आई का नाही करणार. (हसू नकोस. तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं.) आईबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं तुझ्या शिव्यांमधून ठाऊक आहे. तू सरळ बसून आईबद्दल कधी एक गोष्ट सांगितली नाहीस. पण चिडलीस की सांगायचीस. दादाने डोळे वटारले की म्हणायचीस, आईचे डोळे घेऊन आलास आणि वटारतोस कुणावर? मी हट्ट धरला की माझी हनुवटी धरून म्हणायचीस, हनुवटी तिची आणि अक्कल शेजारणीची. माझा मुलगा जन्मला तेव्हा दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणालीस, नाक आजीचं उचललंय, आता कामाला तरी तिच्यासारखा होऊ दे. (झाला नाही.) आणि स्वतःबद्दल म्हणायचीस की मला एवढं आईचं कपाळच मिळालं. ते तू कोणत्या अर्थाने म्हणायचीस ते मला आता कळतंय, पण तोवर मी ते कापलं होतं.

हो, कापलं. दादाच्या ओळखपत्रावरच्या फोटोतले डोळे, माझ्या कारखान्याच्या पासावरची हनुवटी, मुलाच्या शाळेतल्या गटाच्या फोटोतलं नाक आणि तुझं कपाळ. सून ओरडली, आई, आधी झेरॉक्स काढायची! मला सुचलं नाही. आमच्याकडे पुठ्ठा कापण्याआधी त्याची झेरॉक्स कुणी काढत नाही. सगळे तुकडे तिच्या कांद्याच्या सालांच्या कागदावर मांडले आणि खळ लावून बसवले. कपाळ चांगलं ऐसपैस, डोळे वाटाण्याएवढे, नाक रंगीत आणि बाकी सगळं काळंपांढरं. हनुवटीवर कारखान्याच्या शिक्क्याचा अर्धा गोल आला आहे, तो खरवडून जात नाही. आणि तोंड नाही. तोंडाबद्दल तू कधी कुणाला शिवी दिली नाहीस. नाकाखाली नुसता कोरा कागद आणि एक कांद्याचं साल. मासिकातल्या टूथपेस्टच्या बाईचं तोंड ठेवून पाहिलं तर सून किंचाळून मोरीत गेली. काढून टाकलं.

पण खरी भीती पुढे आहे. घरी केलेल्या कागदाला ओली खळ लागली की तो वाळता वाळता हलतो. फुगतो, आखडतो. सकाळी आईने माझ्याकडे सरळ पाहिलं होतं. दुपारी तिचा एक डोळा बारीक झाला. चहाच्या वेळेला कपाळाला आठी पडली. यांच्यासमोर पडली. हे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते, ते हळूच खाली घेतले. मग सदरा घालून आले. हे लग्न झाल्यापासून घरात कधी सदरा घालून बसले नाहीत, ताई! सासूशिवाय संसार केलेला माणूस, त्यांना वाटायचं आपण सुटलो. आता येता जाता कपाटाकडे बघून मान लववतात, वर्तमानपत्राची घडी घालून ठेवतात आणि मला विचारतात, सासूबाईंना आपल्याबद्दल काही वाटतंय का? मी म्हटलं, तिला तोंड नाही, ती काय सांगणार. तर म्हणतात, तेच वाईट आहे, काय वाटतंय ते कळत नाही. आणि सून म्हणते की मी गरोदरपणात हे बघणार नाही, बाळ असं झालं तर? मी म्हटलं, झालं तर आपल्याच माणसांवर गेलं म्हणायचं.

त्यातच दादा आला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. तो चहाचा कप घेऊन वळला आणि त्याला कपाटावर स्वतःचे डोळे दिसले. कप बशीसकट खाली. माझे डोळे तिथे काय करताहेत, म्हणाला. मी म्हटलं ही आई आहे, आणि आता आलाच आहेस तर तोंड सांग. तो माझ्यापेक्षा मोठा, त्याला आठवत असणार. तो खाली बसला, फुटका कप गोळा करत राहिला, आणि म्हणाला की मला वाटायचं तुला आठवते. तू तिच्या कडेवर असायचीस, तोंड तुला दिसायचं. मी मागून चालायचो. मला फक्त पाठ आठवते.

त्याची अवस्था बघवेना म्हणून मी आई उचलली आणि भिंतीकडे फिरवून ठेवली. तर हा मागच्या कोऱ्या कागदाकडे बघून म्हणतो, हां, आता ओळखली.

मी हसले, ताई. तोही हसला. आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत बसलो.

कारखान्यात मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला हे सांगितलं. ती झाकणं बसवते, तिच्या आईचा फोटो तिच्या पाकिटात असतो. मी म्हटलं, तू सुखी आहेस. तर म्हणाली, कसली सुखी, मला आता फोटोच आठवतो, आई आठवत नाही. तेवढ्यात सुपरवायझर आला म्हणून आम्ही गप्प झालो, पण त्या पाळीत माझी दोन खोकी उलटी चिकटली, छपाई आत आणि पांढरं बाहेर.

म्हणजे उरलीस तू एकटी. म्हणून मी तुझ्या लेकीला फोन केला, तुला नाही. म्हटलं आई कशी आहे, जरा तिला सहज विचारून ठेव. तर ती दार लोटून घेऊन बारीक आवाजात म्हणाली, मावशी, आई हल्ली विसरते. परवा मला तुझ्या नावाने हाक मारली आणि वेणी घालायला बसवलं. (तिच्यावर चिडू नकोस. ती रडत होती. आणि वेणी चांगली घातली होतीस असंही म्हणाली.)

मी फोन ठेवला आणि त्या ओल्या कागदांमध्ये उभी राहिले. मी बाकी कशाला भीत नाही. मशीनच्या पात्याखालून हात काढलाय, मालकाशी भांडलेय, आमच्या ह्यांच्या आत्याला घराबाहेर काढलंय. पण मला आता अशी भीती वाटते की तू एक दिवस ‘आई कोण’ म्हणशील आणि ती जगातून जाईल, आणि तिच्या जागी कपाटावरची ही बाई राहील. बाळाला आम्ही हीच दाखवणार. ते बिचारं मान डोलावेल.

असो. सगळं ठीक आहे. भावजींना नमस्कार सांग, बाटली फेकून दे, आणि उन्हात फिरू नकोस. तू मोठी आहेस, आशीर्वाद तू द्यायचेस, पण यावेळी मीही थोडे पाठवते.

तुझी,
धाकटी

ता. क. : तुझं कपाळ ज्या फोटोतून घेतलं तो तुझ्या लग्नाचा होता. तू काच बदलून आण म्हणून माझ्याकडे दिलेला. एकुलता एक आहे हे मला कापताना आठवलं नाही. भावजी शाबूत आहेत. तूही भुवयांपासून खाली शाबूत आहेस. काच नवी बसवली आहे, चांगली आहे.

पुन्हा ता. क. : मला काही नको म्हटलं ते खोटं होतं. तोंड पाहिजे. आईचं तोंड आपल्यापैकी कुणावर गेलंय ते कळव. ओठ जाड होते की पातळ, हसताना दात दिसायचे का, हसायची का मुळात. दादावर असेल तर बरं, त्याचा अजून एक फोटो माझ्याकडे आहे आणि त्याला आता सवय झाली आहे. लवकर कळव. लेकीला सांगून लिहून घेऊ नकोस, स्वतः लिही.

आणखी एक : आठवत नसेल तर तसं कळवू नकोस. मला ते वाचवणार नाही. ठोकून दे काहीतरी. मी खरं का म्हणून विचारणार नाही, दादाला विचारू देणार नाही, आणि बाळाला तर काय, तू सांगशील तीच त्याची पणजी. फक्त प्रेमाने लिहू नकोस, प्रेमाने लिहिलंस तर मला कळेल की तुला आठवत नाही. चिडून लिही. फोटो कापला म्हणून मला घाल दोन शिव्या, चांगल्या सणसणीत, आणि त्यात घाल तिचं तोंड.