खुंटीशिवायची दुपार

१२ जुलै, रवि. मूर्तिजापूर

बडनेऱ्याहून सकाळची पॅसेंजर. मांडीवर माझी बास गिटार. बाजूच्या काकू म्हणे, "वीणा हाय का वं पोरी?" हो म्हटलं. सोपं पडतं.

सलीम अकोल्याहून आधीच पोचलेला. कॉम्प्युटर, माइक, वायरींची गुंतवळ, सगळं भावाच्या टेम्पोत टाकून. गिटार तो वाजवतो, रेकॉर्डिंगही त्याचंच. ड्रमवाला पंकज इथलाच, आणि हे कापसाचं जिनिंग त्याच्या मामाचं. हंगाम संपलाय, मशिनी बंद, गोदामात रुईच्या गाठी पत्र्यापर्यंत रचलेल्या. मधे खोलीएवढी जागा, चारी अंगांनी रुई. टाळी वाजवली तर आवाज तिथल्या तिथे मरतो. शहरातले स्टुडिओवाले भिंतींना फोम लावतात, आम्हाला मामांची कृपा.

हेडफोनवर पंकजचा ड्रम ऐकला. कोंडलेला, अगदी कानाला चिकटलेला. हेच पाहिजे होतं! अख्खा अल्बम एका दुपारीवर आहे. मे महिना, बारा ते पाच, लाइट गेलेली, दारं लावलेली, घरातलं कोणी कुठेच जात नाही. सात गाणी, मधे कुठे थांबणं नाही. नाव 'दुपार'.

पंखा लावता येत नाही, माइकमधे घरघर येते. लोडशेडिंगमुळे लाइट असते फक्त अकरा ते दोन. नाकात रुई, पाठीवर घामाच्या धारा, आणि तरी मी खूश. बऱ्याच दिवसांनी खूश.

१५ जुलै, बुध.

कॉलेज. नवीन प्राचार्यांनी पाहुण्यांशी ओळख करून दिली, "ह्या आपल्या खुंटीवाल्या मॅडम." चार वर्षं मराठी शिकवते तिथे, तेही तासिकेवर. त्याचं काही नाही. खुंटीवाली.

बावीसची होते तेव्हा हॉस्टेलच्या पलंगावर एका बैठकीत लिहिलं होतं ते गाणं. नवरा विष पिऊन गेला, त्याचा सदरा खुंटीवर राहिला, बाई सदऱ्याशी बोलते. मोबाइलवरून मोबाइलवर फिरलं. तेव्हापासून सहा वर्षं, जिथे शेतकरी आत्महत्येचा विषय तिथे आम्ही. परिसंवाद, मोर्चे, मदतवाटप. दुसरं काही वाजवलं तर लोक खुर्च्यांवर चुळबुळ करतात, ते केव्हा म्हणताय म्हणून. मले त्या गाण्यात ढकलून बाहेरून कडी लावली कोणीतरी.

आणि आत मीच गेली ना चालत.

२६ जुलै, रवि.

ड्रम झाले! सातही गाण्यांचे. पंकजले हळू वाजव म्हणता म्हणता सलीमचा घसा बसला. पंकज म्हणे, "इतकं हळू तं माह्या आजाचा श्वास चालते." सलीम, "तोच पायजे यार, आजाचा श्वास. तोच दे." मग जे वाजवलं त्याने... जमलं.

पुढच्या रविवारपासून बास, गिटार. मग माझा गळा.

९ ऑगस्ट, रवि. अकोला

आज रेकॉर्डिंग नाही. एका संस्थेचं शेतकऱ्यांच्या विधवांना शिलाई मशीन वाटप, तिथे 'खुंटी'. मी नको म्हणत होते. संस्थेचे लोक सलीमच्या ओळखीचे, जुन्या शहरात त्याच्या दुकानापर्यंत आले सांगायला. गेलो.

स्टेजवर एका रांगेत बाया, सगळ्यांना सारख्या साड्या. दुसऱ्या कडव्यात मी नेहमीसारखा हुंदका दिला. तो आता येतो, आणावा लागत नाही. रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावून. फोटोवाले धावले.

नंतर मंडपामागे चहा. रांगेतली एक बाई जवळ येऊन बसली. शोभाताई. मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातली, कुठल्या फाट्यावर उतरायचं तेही सांगितलं. वय माझ्याएवढंच असेल, दोन वर्षं जास्त.

"हे गाणं तुमीच केलं?"

हो म्हटलं.

"आमच्या घरी खुंटी नाई. दोरीवर राहतात कपडे."

मी हसले, काय करू.

"आन् एक सांगू, राग नको मानू. तू ते म्हणली का मले रडा लागते. लोक माह्याकडंच पायतात ना. नाई रडली तं म्हणतीन, पाय कशी बसली दगडावानी. हे चौथ्यांदा हाय."

बोलण्यात राग नव्हता. पायात चप्पल बोचते असं सांगावं तसं सांगितलं. चहा संपवला, मशीनच्या रांगेत गेली.

१० ऑगस्ट, सोम.

चौथ्यांदा. म्हणजे चार स्टेज, चार साड्या, आणि चारही वेळा समोर मी.

मले वाटे मी त्यांच्यासाठी गातो. भैताड.

१६ ऑगस्ट, रवि. मूर्ति.

सत्यानाश. गोदामात पाय ठेवला तर निम्म्या गाठी गायब. भाव चढला, मामांनी विकल्या, दोन ट्रक गेले. टाळी वाजवली, आवाज पत्र्याला लागून परत. ड्रम बंद खोलीतले, आता गिटार वाजवली तर वाटतं दुसऱ्याच गावात बसून वाजवतोय. दोन्ही एकत्र बसेचनात.

सलीम पंकजवर धावून गेला. "तुले माहीत नोतं का बे?"

"मामा मले इचारून माल विकते काय?"

 खरं म्हणजे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. रुई ही भिंत नाही, माल आहे, आज ना उद्या जाणार. जन्म वऱ्हाडात गेला तिघांचा, आणि आम्ही गाठींना भिंत समजून बसलो! बाहेरच्या कोणाला सांगायचीही लाज.

उरलेल्या गाठी पण जाणार म्हणे. दसऱ्यानंतर नवा कापूस, तेव्हा गोदाम सोडायचं.

२३ ऑगस्ट, रवि.

गणपती बसले. रस्त्यात सगळीकडे ढोल. सलीम आला तोच बोलत, "सुनो. जाऊ दे गाठी."

त्याचं म्हणणं असं. दुपार बारा वाजता कोंडलेली असते. पाच वाजता दार उघडतं, कोणीतरी अंगणात पाणी मारतं. मग आवाजही तसाच मोकळा होऊ दे. जशा गाठी जातील तसं एकेक गाणं धरायचं, तिघांनी एकत्र, एका दमात. पहिल्या दोन गाण्यांचे जुने ड्रम राहतील, त्यांची गिटार उरलेल्या गाठींच्या कोपऱ्यात घुसून वाजवायची. बाकी पाच पुन्हा.

पंकज, "म्हणजे माह्ये पाच गाण्याचे ड्रम गेले पाण्यात."

"गेले."

पंकजने काठ्या फेकल्या, बाहेर गेला, पंधरा मिनिटांनी कचोऱ्या घेऊन परत. म्हणे, "तिसऱ्यापासून ना? चला."

अशी माणसं मिळाली मले. देवाधर्माची मी नाही, पण कोणाचे तरी उपकार मानावेसे वाटले.

६ सप्टें., रवि.

गाठी तीनच थर. चौथं गाणं. माझा आवाज बसत नव्हता. आठ वेळा गायले. सलीमने हेडफोन काढला. "प्रज्ञा, तू रडून राहिली."

"कुठे रडते? दुपारी बाई तांदूळ निवडते याचं गाणं आहे."

"आयक मंग."

ऐकवलं. तांदूळ निवडते आणि हुंदका देते. प्रत्येक ओळीच्या शेवटी, थोडासा. मला पत्ताच नाही. सहा वर्षं एकच गाणं म्हणून म्हणून गळ्याला तेच वळण. लाज वाटली, मग भीती. माझा आवाज कसा होता आधी, ते मलाच आठवेना.

सलीमने माइकपासून दहा पावलं मागे उभं केलं. "तिथून गा. मला ऐकू येईल एवढंच. कोणी बघत नाही असं समज." लाइट जायला वीस मिनिटं. गायले. काही केलं नाही, फक्त शब्द ठेवले एकापुढे एक.

तोच टेक ठेवला.

२० सप्टें., रवि.

गोदाम पूर्ण रिकामं. जमिनीवर रुईचे पुंजके, कोपऱ्यात एक कुत्री. सातवं गाणं. पंकजने एकच झांज वाजवली, आवाज पत्र्याखाली फिरत राहिला, फिरत राहिला. मी शेवटची ओळ म्हटली आणि बासवरचा हात काढला. कोणी हललं नाही.

एकेचाळीस मिनिटं. पहिल्यापासून लागोपाठ ऐकलं. सुरुवातीला गुदमरायला होतं, शेवटी श्वास येतो. हे आम्ही केलं. सांगून ठेवते इथे: माझ्या आयुष्यात मी केलेली ही एकच चांगली गोष्ट.

२४ सप्टें., गुरु.

'दुपार' पाठवली होती त्या पुण्याच्या म्युझिक कंपनीच्या साहेबांचा फोन, दुपारच्या सुट्टीत. स्टाफरूमबाहेर जिन्यात उभी राहून ऐकलं. "साउंड अप्रतिम. इतकं धाडसी काम मराठीत आलेलं नाही."  मग, "फक्त एक सुचवू? शेवटी 'खुंटी' घ्या. नवीन करून. तुमच्या भागातून येतोय अल्बम, लोक त्याच अपेक्षेनं घेतील. ते आलं की कळेल ही दुपार कशाची आहे."

म्हटलं, दुपार दुपारीची आहे.

हसले. "तेवढ्यावर मला वरती मंजूर करून घेता येणार नाही, प्रज्ञाताई. मंगळवारी पाचला फोन करतो. हो किंवा नाही."

दुपारचे दोन तास काय शिकवलं, देव जाणे.

२७ सप्टें., रवि. मूर्ति.

उद्या दसरा. मग गोदाम बंद, म्हणजे आपल्याला. पंकजला मामांनी हंगामाला गेटवर बसवायचं ठरवलंय, कापसाच्या गाड्या मोजायला. त्याला आता रविवार नाही.

पंकज, "चार मिंटाचं गाणं हाय. घे ना टाकून. नाई तं हे एकेचाळीस मिंटं सलीमच्या कॉम्प्युटरात मरतीन."

सलीम वायरी गुंडाळत राहिला. मीच चिडले, "बोल की!"

"गाणं तुझं, गळा तुझा. मी नाही म्हणालो तर उद्या तुला वाटेल सलीममुळे गेलं. हो म्हणालो तरी तेच."

"म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर."

"हां."

शेवटी म्हटलं, करून तर पाहू. 'खुंटी', रिकाम्या गोदामात, दहा पावलं मागून, हुंदक्याशिवाय.

आणि घोटाळा इथेच आहे. चांगलं झालं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते गाणं मला आवडलं. वाईट झालं असतं तर किती सोपं होतं. पंकजचे डोळे भरले, सलीमने पाठ फिरवली, आणि मी रुईच्या कचऱ्यात बसून दोघांनाही शिव्या दिल्या.

'नाही' म्हटलं तर या दोघांचं वर्ष बुडालं. 'हो' म्हटलं तर दुपारीचं दार उघडतं आणि समोर पुन्हा तीच खुंटी. मले बाहेर निघायचा रस्ताच दिसत नाही.

२९ सप्टें., मंगळ.

कॉलेजला दांडी. अकराच्या एस.टी.ने शोभाताईच्या फाट्यावर उतरले, तिथून चालत. सोयाबीनची सोंगणी चालू, सगळे कापणीवर, गावात कोणी नसेल वाटलं. ती घरी होती. विळ्याने बोट कापलेलं, फडकं बांधलेलं.

"काहून आली वं एवढ्या उन्हात?"

सगळं सांगितलं. कंपनी, पाच वाजता, खुंटी शेवटी टाकू का नको. तिने ऐकून घेतलं. दोरीवरचे कपडे एकीकडे सरकवले, मला बसायला सतरंजी टाकली.

"मले कायले इचारून राहिली? मी हो म्हणली तं तू मोकळी, असं हाय काय?"

असंच होतं. 

"टाक नाई तं नको टाकू. मले बलावतीन तं मी जातोच, मशीन भेटते, साडी भेटते. तुह्या गाण्यानं मी मेली नाई अजून." मग बोटावरचं फडकं आवळत, "नवं काय केलं ते तं आयकव."

फोनवर 'दुपार' लावली. तिने फोन कानाशी घेतला, सतरंजीवर आडवी झाली, दुखरं बोट छातीवर. पहिलं गाणं. दुसरं.  मी तिच्या तोंडाकडे पाहत होते, काय वाटतंय ते शोधत, त्या फोटोवाल्यांसारखी. तिसऱ्यात तिचा हात सैल झाला. झोपली. तोंड उघडं, हलकं घोरत.

वाईट वाटलं आधी. खोटं कशाला लिहू. आमचा तीन महिन्यांचा जीव, आणि ही घोरतेय. मग तशीच पाहत राहिले. तिच्याकडे कोणी बघत होतं आणि तिला काही करावं लागत नव्हतं.

सात गाणी संपली, फोनने आपोआप पुन्हा पहिलं लावलं. संपली, पुन्हा पहिलं. पाच वाजता गाणं थांबलं आणि फोन थरथरला. साहेब. फोन तिच्या गालाखाली, वर तिचा हात. काढला असता तर जागी झाली असती. थरथरून थांबला, गाणं पुढे सुरू. पुन्हा थरथरला. ती कूस बदलून फोनसकट भिंतीकडे वळली.

तीनदा केला त्यांनी.

सहाला उठली, म्हणे, "अवं, अंधार पडाले आला, उठवलं नाई मले!" चहा पाजला. अल्बमबद्दल अक्षर बोलली नाही.

आता फाट्यावर बसून लिहून राहिले. साडेसहाची गाडी अजून आली नाही. फोनला एकच काडी चार्जिंग. साहेबांचा मेसेज: 'उद्या दहापर्यंत थांबतो.' सलीमचा: 'काय सांगितलं?' पंकजचा: 'बोल ना बाप्पा.'

दोघांना लिहिलं, 'काहीच नाही.' मग खोडलं. मग लिहिलं, 'ती झोपली', आणि तेच पाठवलं. साहेबांचं उद्या; गाडी आली.