एका फेरीत दोन दाढा

दि. ६ जून

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. डावी दाढ अशी काही ठणकते आहे की विचारू नकोस. गाल फुगलाय, आणि बेकरीत येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, तोंडात बिस्किट धरलंय का. पुढच्या आठवड्यात बसने घाट उतरून दातांच्या डॉक्टरांकडे जाईन म्हणते. जातेच आहे तर शेजारचीही काढून येईन. इथे सगळे असंच करतात. एवढी कंबर मोडून जायचं ते एका दाढेसाठी कोण जाईल? शिंपीणबाई तर तीन काढून आल्या आणि वर्षभर निश्चिंत झाल्या.

धंदा बरा आहे. मात्र बिस्किटं दरवर्षी मऊ करावी लागतात. आपल्या बाबांच्या कडक बिस्किटांचा साचा माळ्यावर धूळ खातोय, चावायला गावात दात नकोत का? तुझ्या दातांच्या डॉक्टर लेकीला, चिमीला, विचारून ठेव, एक काढू की दोन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

दि. १३ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र चिमीला वाचून दाखवलं आणि पस्तावलो. पोर ताडकन उठली. आत्याला सांगा, एकही काढायची नाही, मी येते, म्हणाली. मला वाटलं, चार दिवस जाऊन येईल. तर बाईसाहेब खुर्ची, यंत्रं, सगळं ट्रकवर चढवून कायमच्या निघाल्यात!

तिचंही खरं आहे म्हणा. आमच्या गल्लीत औषधाच्या दुकानापासून नाक्यापर्यंत दातांच्याच पाट्या. पेशंट कमी, डॉक्टर जास्त. सगळे आपापल्या गॅलरीत उभे राहून एकमेकांना हात करतात. पण म्हणून थाटलेला दवाखाना मोडायचा? मी अट घातली आहे. वर्षअखेरपर्यंत तिथे बस्तान बसलं नाही, तर मुकाट्याने परत यायचं आणि इथल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी धरायची. ती हो म्हणाली आहे. तू तिला फूस लावू नकोस, ही विनंती.

रागावलीस तरी दोन ओळी टाकत जा.
तुझा धाकटा

दि. २० सप्टेंबर

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. फूस लावू नकोस म्हणे! इथे माझाच जीव टांगणीला लागलाय.

चिमीची खुर्ची बेकरीच्या पिठाच्या खोलीत बसवली, त्यासाठी दाराची चौकट उखडावी लागली. पहिल्या आठवड्यात ही गर्दी! पण जो तो म्हणे, हा दुखतोय तो काढा आणि लगेहात शेजारचाही. पोस्टमनने तर खालची अख्खी ओळ देऊ केली. चिमी प्रत्येकाला सांगे की हा वाचेल, हा भरता येईल, हा तर ठणठणीत आहे. लोकांना ते पटेना. दात न काढणारी कसली दातांची डॉक्टर, असं म्हणून एकेकाने पाठ फिरवली. परवा शिंपीणबाई माझ्या डोळ्यांदेखत घाट उतरून गेल्या आणि दोन काढून आल्या.

माझ्या दाढेचं चिमीने रूट कॅनल केलं. दुखणं गेलं, कॅप यायची आहे. पण लोक म्हणतात, दाढ राहिली खरी, चावता येईल तेव्हा बोला. पोर रोज सकाळी रिकामी खुर्ची पुसते, ते मला बघवत नाही. जेवणावरूनही मन उडालंय तिचं. तू तिला काही लिहू नकोस, तुझी लेखणी कडू आहे.

आठवण ठेव, नुसती काळजी नको.
तुझी ताई

दि. ११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद! आधी बस, मग वाच.

कॅप आली. चिमीने दार सताड उघडं ठेवून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत ती बसवली. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून बाबांचा साचा काढला, घासला आणि पहाटे कडक बिस्किटं भाजली. दुकानात गर्दी झाल्यावर एक उचललं, डाव्या बाजूला धरलं. चिमी दारात उभी, तिचा चेहरा पांढराफटक. मीही मनातून टरकले होते रे. पण चावलं!

असा कडकन आवाज झाला की पाव मोजणाऱ्या शिंपीणबाई थांबल्या. मी खाल्लं, गिळलं, दुसरं उचललं. मग पोस्टमन हळूच पुढे आला आणि त्याने चिमीला विचारलं, ‘माझा दात भरता येईल म्हणाला होतात, तो अजून भरता येईल का?’

आता बाकावर जागा नाही. शिंपीणबाई उरलेल्या दातांसाठी रोज हजर. बिस्किटं दुपारच्या आत संपतात. चिमी दोन पोळ्या जास्त खाते आणि मलाच दटावते की गोड कमी कर. आता तुझ्या अटीचं काय करायचं, ते तूच ठरव.

गर्वाने फुगलेल्या बहिणीवर जीव असू दे.
तुझी ताई

दि. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हरलो, आणि इतका आनंद कधी जिंकूनही झाला नव्हता. तुझं पत्र सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. गॅलरीतले डॉक्टरही ऐकत होते. त्यांतल्या एकाने तुमच्या पलीकडच्या गावात दातांचं कोणी आहे का, अशी हळूच चौकशी केली.

बाकी एक गोष्ट तुला कळवली नव्हती. महिनाभर माझीही दाढ दुखते आहे. उद्या सकाळी या सगळ्या पाट्यांखालून चालत जाऊन मी तुमच्याकडची बस धरणार आहे. चिमीला सांग, बापाची ओळख लावणार नाही, बाकावर रांगेत बसेन. आणि शेजारची दाढ काढा म्हणून हट्टही धरणार नाही.

बाबांच्या बिस्किटांतलं एक माझ्यासाठी बाजूला ठेव.
येतोच आहे,
तुझा धाकटा