चर्चची उत्तरेकडची बाजू

सर, इथे नेदरलँड्समध्ये प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही, आणि आज तर तुमचं नाव ओठांवर आणायचीही इच्छा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी रागावलेय.

इंग्लंडमधल्या तुमच्या जन्मगावच्या इवल्याशा चर्चचा इतिहास तुम्ही इथे ग्रोनिंगनला बसून लिहीत होतात आणि मी, तुमची विद्यार्थिनी, मदतीला होते. एका उन्हाळ्यात मला तिथे घेऊन गेलात. चर्चच्या उत्तरेला, सावलीत, बाप्तिस्मा न झालेल्यांना आणि परक्यांना पुरायची तिथली जुनी रीत. शेवाळाखाली एक दगड लागला. तुम्ही लांबून आरशाने त्यावर तिरपं ऊन पाडताय, मी ओल्या ब्रशने अक्षरं मोकळी करतेय. दगडावर एवढंच: गावातल्या मोठ्या घरची आया, रत्नागिरीहून आणलेली. नाव नाहीच. मी तिथेच गवतात बसून रडले. "हिला पुस्तकात जागा देऊ," तुम्ही म्हणालात.

पुस्तक आलं. त्यात छापलं होतं, उत्तरेची बाजू रिकामी आहे. भर पावसात सायकल हाणत तुमच्या घरी आले. तुम्ही स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळत होतात. पाठमोरेच बोललात, "त्या घरचे लोक अजून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात. माझ्या आईला त्याच गावात एकटीला दिवस काढायचेत. पुढच्या आवृत्तीत घालू." माझ्यापुढे सूप ठेवलंत. मी ते प्यायले आणि विश्वासही ठेवला. पुढची आवृत्ती निघालीच नाही. तोंडाला पानं पुसलीत माझ्या. नुसतं वगळलं असतंत तर एक वेळ समजून घेतलं असतं, पण रिकामी लिहिलंत, सर! डोळ्यांनी पाहिलं तेच लिही, असं मला बजावणारे तुम्ही!

काल त्या चर्चमधून मेल आला. उत्तरेला गाड्या लावायला जागा करायची आहे, पुस्तकात ती रिकामी म्हटलीय, तरी एकदा खात्री करावी म्हणून विचारतोय. आभारांत माझं नाव घातलंत ना, म्हणून मला विचारलं. मी तासाभरात कळवलं की खणू नका, तिथे एक बाई आहे. दगड कुठे आहे त्याचा नकाशाही काढून पाठवला.

मग पुस्तकात असं कसं आलं, हे लिहायची वेळ आली. 'लपवलं' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी 'नजरचूक' असं घालून मेल पाठवला. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही नाराज व्हाल, याची मला अजून भीती वाटते.