सेफाकोरच्या सर्व्हरची किल्ली

२ मार्च, सोमवार
कोड सर्व्हरवर चढेना. 'परवानगी नाकारली.' पुढंही बरंच काही लिहिलं होतं, वाचत बसलो नाही. एसएसएचची, म्हणजे सर्व्हरमध्ये शिरायची, किल्ली बिघडली असणार, दुसरं काय! दहा मिनिटांचं काम. ट्रोट्रो गाड्या कुठं अडकल्यात ते सांगणारं हे ॲप माझं आणि सेफाकोरचं. ते चाललं की लगेच लग्न. हे तिला दोन वर्षं सांगतोय, म्हणजे तिला माहीतच आहे. हल्ली फोन उचलत नाही. कामात असेल.

३ मार्च
दहा मिनिटांचं काम चालू आहे. जुनी किल्ली पुसून नवी जोडी केली. खासगी आपल्यापाशी ठेवायची, सार्वजनिक सर्व्हरवर लावायची. सर्व्हर सेफाकोरच्या ताब्यात, म्हणून तिला पाठवली. चक्क उत्तर आलं! म्हणाली, एलिकेम, ही खासगी पाठवलीस, ही कुणालाही द्यायची नसते रे. कुणालाही? तिला दिली तर बिघडलं कुठं? पण 'रे' म्हणाली. वीज गेली तरी मन प्रसन्न.

४ मार्च
पुन्हा नवी जोडी. आज सार्वजनिकच पाठवली. उत्तर नाही. नॉर्टे म्हणाला, गड्या, किल्लीचं सोड, तिला जाऊन भेट. माझा मित्र असला तरी त्याला तांत्रिक बाबी कळत नाहीत.

५ मार्च
दोत्से काका केंके खाता खाता म्हणाले, शनिवारी सेफाकोरकडे दार ठोठावायला माणसं जाणारेत, ऐकलंस का? ऐकलंस का म्हणे! लबाड म्हातारा. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी दारूच्या बाटल्या घेऊन मुलीच्या दारी मागणी घालायला जायचं, ते मीच लांबणीवर टाकत होतो. काकांनी गुपचूप जमवलंय. मीही काही कळल्याचं दाखवलं नाही. पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

६ मार्च, आपल्या देशाचा स्वातंत्र्यदिन
सेफाकोरचा निरोप: किल्ली लावलीय, बघ. सुट्टीच्या दिवशी माझं काम केलं! आता लगेच तपासत नाही. उद्या तिच्यासमोरच कोड चढवीन.

७ मार्च, शनिवार, सकाळ
सदरा घालून काकांकडे गेलो. काका बनियनवर, रेडिओ ऐकत पडलेले. निघायचं ना, विचारलं. म्हणाले, कुठं? मग सदऱ्याकडे पाहिलं आणि रेडिओ बंद केला. म्हणाले, अरे पोरा, ती माणसं दुसऱ्या मुलाकडची, कोर्सीच्या घरची. आपण जाऊ या का, असं मी कितीदा विचारलं, दरवेळी तू ॲप ॲप करत बसलास.

दुपार
सदरा अंगातच. कोड चढवून पाहिला. 'परवानगी नाकारली.' या वेळी पुढचं वाचलं. नमस्कार एलिकेम. किल्ली बरोबर आहे. वाचण्याची परवानगी: आहे. लिहिण्याची: नाही.

म्हणजे जुनी किल्लीही बरोबरच होती. रडू आलं. रडलो.

वाचायची परवानगी आहे, म्हणून तिनं लिहिलेलं सगळं वाचत बसलो. पहिल्याच फाइलीत, अगदी वर, तिची एक जुनी टीप होती: ही जागा एलिकेमसाठी, तो येईपर्यंत कुणी हात लावू नये. मी कधी उघडलीच नव्हती ती फाइल.

कालच्या बदलात ती ओळ काढलेली आहे.