ताईला कुत्रा हवाय

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताईला कुत्रा हवाय. त्रेसष्टाव्या वर्षी!

सकाळी चहा पिताना जाहीर केलं, तेही अशा आवाजात की तळमजल्यापर्यंत गेलं असणार. तीस वर्षं पोहायला शिकवलं तिनं. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडायची सवय काही सुटत नाही.

मी म्हटलं, "दोन खोल्या, तिसरा मजला, पुढच्या खोलीत माझं मशीन. कुत्रा काय कपाटात टांगायचा?"

"लहानसा आणू."

"आणि गिऱ्हाइकं? दिवसभर माणसं येतात कपडे दुरुस्तीला."

"त्यांना चावणार नाही असा आणू."

झालं. विषय संपला. अकरा वर्षांपूर्वी भावजी गेले तेव्हा ताई 'चार दिवस राहते गं' म्हणून माझ्याकडे आली. ते चार दिवस अजून चालू आहेत. घर माझं, हुकूम तिचा.

मला कुत्र्यांची भीती वाटत नाही. दिसला की फक्त रस्ता ओलांडते.

६ फेब्रुवारी

वाचनालयातून जाडजूड पुस्तक आलं. कुत्र्यांच्या जाती, रंगीत चित्रांसह. मी गिऱ्हाइकाची पँट आखूड करतेय आणि ताई मोठ्यानं वाचतेय.

"हस्की! काय डोळे आहेत बघ. याला रोज दहा किलोमीटर पळवावं लागतं."

दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांकडे पाहिलं. पान उलटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तिशीची पोर, हातभर ओरखडे, चेहऱ्यावर हसू नावाला नाही. आम्ही गेलो होतो 'कुठला कुत्रा चांगला?' विचारायला. तिनं आमचीच परीक्षा घेतली.

"जिने किती? दिवसभर घरी कोण असतं?"

"ही," ताई म्हणाली. बोट माझ्याकडे.

"सकाळी फिरवणार कोण?"

"ही."

"आजारी पडला तर उचलून खाली कोण आणेल?"

"ही. हिचे दंड बघा, चाळीस वर्षं इस्त्री फिरवतेय."

मी म्हटलं, अगं पण हवाय कुणाला? तर म्हणे, "आपल्याला." मंगळवारी 'मला' होता. पाच दिवसांत 'आपल्याला' झाला!

मी माझ्या अडचणी सांगितल्या. कपड्यांना केस लागून चालणार नाहीत, बेल वाजली की घर डोक्यावर घेणारा नको, आणि माझ्याहून ताकदीचा तर मुळीच नको. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला.

"पूडल."

आम्ही दोघी इतक्या हसलो! ते गोंडेवाले! पायात लोकरीचे गोळे, शेपटीला लोकरीचा गोळा!

"हसून घ्या," ती म्हणाली. "गोंडे माणसं करतात, कुत्रा नाही. केस फारसे गळत नाहीत, डोकं तल्लख. आणि पिल्लू घेऊ नका. पहिल्यांदाच पाळताय, चांगला वाढलेला घ्या. ठरवायच्या आधी वेगवेगळ्या जातींबरोबर एकेक दुपार काढा. चित्रं बघून कुत्रा घेऊ नये."

लग्नाच्या बाबतीतही कुणीतरी हे सांगायला हवं होतं, असं ताई परतताना म्हणाली. तिचं तर चांगलं चाललं होतं. कुणाबद्दल म्हणाली काय माहीत!

१० फेब्रुवारी

पूडल! बटण लावता लावता अजून हसू येतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार

पहिली दुपार — पाववाल्या बाईंचा लॅब्राडोर. स्वभाव साखरेचा. माझ्या पायावर डोकं ठेवून असा बघत राहिला, जणू मागच्या जन्मी मी त्याला काहीतरी द्यायचं कबूल केलं होतं. मग उठला आणि खुर्चीवर ठेवलेल्या वकीलबाईंच्या काळ्या कोटावर अंग टाकलं.

तासभर चिकटपट्टीनं केस वेचत बसले. तरी राहिलेच. संध्याकाळी वकीलबाई आल्या. "हे कुणाचे केस?"

वकिलाशी खोटं बोलू नये. मी बोलले. "माझे."

त्यांनी माझ्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. मग कोटावरच्या सोनेरी केसांकडे. आणि कोट घेऊन गेल्या.

लॅब्राडोर बाद.

२० फेब्रुवारी

औषधाच्या दुकानदाराचा बीगल. आल्या आल्या नाक जमिनीला लावलं ते जाईपर्यंत वर केलं नाही. मी म्हटलं, किती शांत! शांत कसला — बटणांचा डबा सापडला होता त्याला!

सहा गिळली. शर्टाची, पांढरी, चार भोकांची. डॉक्टरीणबाईंना फोन. माझा आवाज रडवेला.

"लहान आहेत? गुळगुळीत? मग लक्ष ठेवा. उलट्या झाल्या किंवा खाणं सोडलं तर लगेच घेऊन या. नाहीतर एक-दोन दिवसांत परत मिळतील."

"मला परत नकोत हो!"

"मोजायला तरी लागतील," म्हणाली.

दुकानदार बिचारा सभ्य. "मी मोजतो," म्हणाला.

२१ फेब्रुवारी

दुकानदाराचा फोन. चार.

२२ फेब्रुवारी

सहा! ताई टाळ्या वाजवत घरभर फिरली. बीगल बाद. मीही जवळजवळ बाद.

२३ फेब्रुवारी, रविवार

नदीपलीकडे गेलो, बॉक्सर बघायला. मालक बोटीवरचे निवृत्त इंजिनियर. उंच, रुंद, चालताना डावी-उजवीकडे झुलणारे. मी मनात नाव ठेवलं — आगबोट. कुत्र्याचं नाव भोंगा.

भोंगा प्रेमळ आहे. पण लाळ! माझ्या मांडीवर तळं साचवलं आणि त्यात तोंड ठेवून झोपी गेला. घोरतो तर असा, की भिंतीवरचं घड्याळ थरथरतं. आगबोट फार बोलत नाहीत. चहा मात्र पाणी, पत्ती, मिनिटं सगळं मोजून करतात. ताईनं त्यांना पोहायला येतं का विचारलं. "चाळीस वर्षं समुद्रावर होतो," ते म्हणाले, "त्यामुळे नाही." ताई इतकी हसली की भोंगा दचकून जागा झाला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?

परतताना मी म्हटलं, बॉक्सर बाद. माझा परकर अजून ओला आहे.

"इतक्यात नको ठरवू," ताई म्हणाली. "माहिती काढायला हवी नीट."

२७ फेब्रुवारी

ताई बॉक्सरची माहिती काढायला गेली. चार तास.

१ मार्च, शनिवार

पुन्हा गेली. वही घेऊन. आल्यावर वही टेबलावर राहिली होती, मी उघडून पाहिली. पहिल्या पानावर 'बॉक्सर — लाळ'. पुढे सगळी कोरी. तीन भेटींचं ज्ञान! शाळेतही हिचं असंच होतं. गृहपाठ मीच करायचे.

४ मार्च, मंगळवार

एका गिऱ्हाइकाचा डॅक्सहुंड दिवसभर सांभाळला. लांबट, बुटका, बघितलं की वाटतं कुणीतरी कोटाची बाही कापून तिला पाय लावलेत. पण या जातीची पाठ नाजूक, जिने चढवायचे नाहीत. म्हणून तिन्ही मजले मीच उचलून नेला. दुसऱ्या मजल्यावर त्यानं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. गरम श्वास कानाशी.

बरं वाटलं. इथे लिहितेय, बोलणार कुठेच नाही.

घरात आला तो सरळ ताईकडे. ती उठली की हा उठतो, ती बसली की हा बसतो. मला वाटलं, जिने तर जिने, उचलू रोज, हाच घेऊ — तर ताईचं तोंड उतरलेलं! "नको. हा मला चिकटतोय."

"अगं, मग हेच तर हवं ना?"

"तुला काही कळत नाही," म्हणाली आणि कांदा चिरायला गेली.

खरंच काही कळत नाही.

८ मार्च, शनिवार

सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन. पाच वर्षांची कुत्री. मालक म्हातारे गृहस्थ, वृद्धाश्रमात गेले. तिथे कुत्री चालत नाहीत. "जात सांगितली तर हसाल," म्हणाल्या. "आधी या."

गेलो. कोपऱ्यात एक पायपुसणं पडलं होतं. ते उठून उभं राहिलं, तेव्हा कळलं की हीच ती. केस गुंतून नुसता नमदा झालेला! डोळे कुठे, तोंड कुठे — शेपूट हलली त्यावरून मागची बाजू समजली. कसले गोंडे नि कसलं काय.

ताईनं ठेवणीतला आवाज काढून हाक मारली, तलावाच्या पलीकडच्या टोकावरून मुलं परत यायची तो. कुत्री तिच्याजवळून सरळ पुढे आली, माझा बूट हुंगला आणि त्याच्यावर बसली. नीट. खुर्चीवर बसावं तशी.

मी पंधरा मिनिटं उभीच. पायाला मुंग्या आल्या. पाय हलवला नाही.

"म्हाताऱ्यांच्या पायावर बसायची सवय आहे तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हातारी कुणाला म्हणाल्या, ते विचारायचं भान राहिलं नाही.

मी पाहिलं तर ताई डोळे पुसत होती. म्हणे, कुत्र्याचे केस गेले डोळ्यात. पूडलचे गळत नाहीत, हे तिनंच मला दहा वेळा वाचून दाखवलंय!

९ मार्च

फॉर्म भरला. मालकाचं नाव लिहायच्या जागी ताईनं पेन माझ्या हातात दिलं. "तुझं अक्षर चांगलं."

तिचं माझ्याहून चांगलं आहे.

१० मार्च, सोमवार

शिवणकाम बंद ठेवून कुत्री भादरली. कात्रीनं करणार होते, पण डॉक्टरीणबाई ओरडल्या — केस कातडीजवळ गुंतलेत, कात्री लागेल. स्वतःचं केस कापायचं मशीन दिलं, हात धरून शिकवलं. तीन तास लागले. एक अख्खी पिशवी भरली. आतून निघाली एक बारकी, गुलाबी पोटाची, लाजाळू बाई. आणि दोन काळे, गोल, चकचकीत डोळे.

नाव ठेवलं गुंडी.

मागची डावी बाजू जरा तिरकी कापली गेलीय. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, हे बरं.

१३ मार्च

गुंडी मशीनखाली झोपते, माझ्या उजव्या पायावर. त्याच पायानं पेडल दाबायचं असतं. डाव्या पायानं शिवायला शिकतेय. दोन पडदे उशिरा गेले, एकाची टीप नागमोडी. पडदेवाल्या बाईंना सांगितलं, कुत्री झोपली होती. "मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि खाली वाकून तिच्याशीच बोलत बसल्या!

बेल वाजली की भुंकत नाही. इस्त्रीवर मात्र भुंकते. वाफ निघाली की घोर अपमान होतो तिचा.

ताई दारात उभी राहून आम्हाला बघत होती. बराच वेळ. काय गं, विचारलं तर म्हणाली, "काही नाही. छान दिसताय."

१६ मार्च, रविवार

आठवडाभर सकाळी मी आणि गुंडीच जातोय. ताई येत नाही — "तुमचं तुम्हाला जमतंय का बघते." आज समोरून एक मोठा काळा कुत्रा आला. पाय सवयीनं रस्ता ओलांडायला वळले, पण गुंडीला त्याच्याशी ओळख करून घ्यायची होती. मग उभी राहिले. त्याच्या मालकिणीशी बोलले. वीस वर्षं तिच्या घरातल्या सगळ्यांची मापं माझ्या वहीत आहेत. ती गाते, हे आज कळलं. मंगळवारी आम्हाला बोलावलंय. आम्हाला म्हणजे मला आणि गुंडीला.

ताईला सांगितलं. तिनं मला घट्ट मिठी मारली. नुसतं चहाला तर जायचंय!

२३ मार्च, रविवार

ताई लग्न करतेय. आगबोटींशी. पुढच्या महिन्यात.

दुपारी सांगितलं. इतक्या हळू की मला पुन्हा विचारावं लागलं. त्यांनी नव्या वर्षातच विचारलं होतं म्हणे — भोंग्याला बघायला आम्ही जायच्या कितीतरी आधी! हिनंच त्यांना थांबवून ठेवलं होतं. "तुला या घरात एकटीला टाकून कशी गेले असते, छोटे?"

कुत्रा तिला नकोच होता. कधीच.

मी भांडले नाही. रडलेही नाही. म्हटलं, लग्नाचे कपडे दुसऱ्या कुणाकडून शिवून घेतलेस तर बघ. तिला उभं केलं, टेप काढली. खांद्याचं माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा वेगळं आलं.