शौकीच्या खोकल्याविषयी

अलेक्झांड्रिया

प्रिय शौकी,

देव तुम्हा सर्वांना सुखरूप ठेवो.

आम्ही ठीक आहोत. तुझ्या दाजींनी सिगारेट सोडली. आता जिना न थांबता चढतात. जिभेला चव आली, म्हणून त्यांच्या मते रोज माझ्या रश्श्यात मीठ जास्त असतं. दवाखान्यातल्या सिगारेट सोडणाऱ्यांच्या गटात असेच चिडके पुरुष आहेत. तलफ आली की एकमेकांना फोन करून भांडतात, आणि तलफ निघून जाते.

काल फोनवर तू अगदी बाबांसारखा खोकलास आणि माझ्या तोंडून "आले, बाबा" निघालं. तू हसलास. फोन ठेवला तरी तो खोकला घरातून गेला नाही.

मुलं त्याने दचकतात का? त्यांची आई हनान काय म्हणते?

तू म्हणतोस, "ताई, दुखवट्याच्या मंडपात पुढे आलेली सिगारेट नाकारली तर त्या घराचा अपमान होतो." छातीवर हात ठेव आणि मान झुकव. दाजी तेच करतात, कुणी रागावत नाही.

गटात तुझं नाव घातलंय. शुक्रवारी ये. बाबांच्या मंडपात सिगारेटचं तबक तूच फिरवलंस. तुझ्या मंडपात ते कोण फिरवेल, हे मला ठरवायला लावू नकोस.

तुझ्या श्वासाची काळजी वाहणारी,
इन्साफताई