झाडलेलं अंगण आणि देशाचा उच्चांक

११ ऑक्टोबर

सेहेचाळीस पूर्णांक आठ अंश! खोऱ्यातल्या चिंबाला गावच्या हवामान केंद्रावरून काल हा आकडा आला आणि आज हापिसात नुसता धुमाकूळ. संगणकाने आकड्यावर लाल खूण मारलीय. त्याच्या मते हे अशक्य. आमच्या संचालकांच्या, कायीरा साहेबांच्या मते मात्र उत्तम! "देशाचा नवा उच्चांक, उलेमु! मंत्रीबाई पुढच्या महिन्यात हवामान परिषदेला चालल्यात. रिकाम्या हाताने जातील का?" जणू आकडा नाही, आहेर आहे.

मी म्हटलं, आधी केंद्र बघून येते, नियम आहे. त्यांनी असं तोंड केलं की जणू सगळा उन्हाळा मीच आणलाय.

१२ ऑक्टोबर

ब्लँटायरच्या हापिसातून निघून घाट उतरता उतरताच भाजून निघाले. केंद्राचा निरीक्षक सांद्रामु. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आल्या आल्या फणकारा: "माझ्या आकड्यावर शंका? घ्या, तापमापकालाच विचारा!"

तापमापक ठीक. तो ज्यात टांगतात ती पेटी ठीक, रंग ताजा. मग खाली पाहिलं — गवतच नाही! पेटीखाली आखूड का होईना, गवत लागतं. इथे उघडी माती, लख्ख, झाडूच्या रेघांसकट. सांद्रामुची बायको एनिफा रोज पहाटे कुंपणाच्या आतलं सगळं झाडून काढते. "सरकारी जागा आहे बाई. गबाळी ठेवू? येणाऱ्याने काय म्हणावं?"

हिला रागवायचं तरी कसं! आमच्याकडे झाडलेलं अंगण म्हणजे घरच्या बाईची अब्रू. माझी आई अजून चूल पेटवायच्या आधी झाडू उचलते. पण उघडी माती तापते आणि वरचा पारा चढवते, त्याला अब्रूचं काय? मी कपाळावर हात मारून घेतला, अगदी त्यांच्या देखत.

एनिफाने मडक्यातला मक्याचा गार थोब्वा दिला. दोन पेले प्याले. लाजही वाटली.

१३ ऑक्टोबर

हे कालच कळलं असतं तर बरं झालं असतं. एनिफा इथल्या शाळेत पहिलीची मास्तरीण आहे. वर पत्रा, खाली शंभरावर पोरं, शाळा दुपारपर्यंत. सरकारचा ठराव असा की आमच्या खात्याने मान्य केलेला आकडा सेहेचाळीसच्या वर गेला तरच खोऱ्यातल्या शाळा सकाळच्या करायच्या. ठराव करताना कोणालाच घाई नव्हती. कारण माझ्याच आलेखात तो दिवस २०५५च्या आसपास येतो. खात्याच्या पुस्तिकेत, गुळगुळीत कागदावर, चार रंगांत छापलाय.

"म्हणजे तोवर माझ्या पोरांनी शिजत बसायचं?" एनिफा म्हणाली. "परवा दोघींना उचलून आंब्याखाली आणून निजवलं. तेव्हा तुमचा आलेख काय करत होता?"

आणि मी हा आकडा खोडणार. तिच्याच झाडूमुळे! हे तिला मीच सांगायचं. सांगितलं. बोलला तो सांद्रामु, आणि पोटभर बोलला. "मागच्या तपासणीत गवत वाढलं म्हणून शिव्या खाल्ल्या. आता नाही म्हणून खातोय. एकदा काय ते ठरवा आणि कळवा!"

त्याचं काय चुकलं? काहीच नाही. म्हणून तर जास्त चिडले.

१५ ऑक्टोबर

आकडा रद्द. सहीसुद्धा माझीच.

कायीरा साहेब: "एका झाडूपायी देशाचा उच्चांक घालवलास! बस आता गवत उपटत." उपटत नाही साहेब, लावायचंय! पण ऐकतो कोण. चिंबालाच्या मिशन दवाखान्यामागे हिरवळ आहे, नर्सबाई रोज पाणी घालतात. तिथे नवी पेटी बसवून घेतली, आकडे मला फोनवर येतील. साहेबांना विचारलं नाही. विचारलं असतं तर समिती नेमली असती.

२१ ऑक्टोबर

हिरवळीवरचा पारा एनिफाच्या अंगणापेक्षा रोज दीड अंशाने खाली! म्हणजे माझंच बरोबर. हापिसात सगळ्यांना ऐकवलं.

ताटातली नसिमा, मक्याची घट्ट उकड, मात्र निवून दगड झाली. जेववलं नाही.

२४ ऑक्टोबर

एनिफाचा फोन. उचलला नाही.

२ नोव्हेंबर

मंत्रीबाई परिषदेत बोलल्या. हातात माझा आलेख! रेडिओवर ऐकलं: "आमच्या शास्त्रज्ञांच्या मते आमच्या खोऱ्याकडे अजून तीस वर्षं आहेत." मी असं कधी म्हटलं? आलेखातली रेघ म्हणजे सरासरी हो, बाई! वायदा नव्हे! एखादं वर्ष उडी मारून पुढे जाऊ शकतं हे पुस्तिकेत खाली लिहिलंय — इतक्या बारीक अक्षरांत की चष्म्याशिवाय मलाच दिसत नाही. रेडिओ बंद केला. नवरा म्हणाला, "त्याच्यावर कशाला राग काढतेस?" मग त्याच्यावर काढला.

आज इथे डोंगरावरसुद्धा वारा नाही. खाली काय असेल?

४ नोव्हेंबर

मिशनच्या हिरवळीवर सत्तेचाळीस पूर्णांक एक. पाणी घातलेलं गवत, नवी पेटी, सगळं नियमात. संगणकाने लाल खूण मारली, ती मी काढली. आकडा मान्य. शाळा उद्यापासून सकाळच्या.

एनिफाला मीच फोन केला. वाटलं, हसेल, चांगला टोमणा मारेल. पण ती म्हणाली,

"तुमचंच खरं असेल, ऊन एवढं नसेलच, माझ्या झाडूचंच काहीतरी असेल, असं धरून चालले होते हो मी, बाई."

मीसुद्धा.